केकसाठी का, वहिनी?

परवा संध्याकाळी परळच्या एका वाइन शॉपसमोर अख्ख्या रांगेने मला फ्रूट केक शिकवला. मला केक करायचा नव्हता. मला शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनची एक बाटली हवी होती, साधीच, सातशेच्या आसपासची, निफाडकडच्या एका घरगुती वायनरीची. फेब्रुवारीत तिथे जाऊन आलो, चव जिभेवर राहिली, आणि नवरा म्हणाला, "मिळेल की मुंबईत." नवऱ्यांना असं वाटतं.

जाळीतून मी नाव सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने मला एकदा नीट बघितलं आणि आतल्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, भाभी को केक वाला पोर्ट दे!" पोर्ट म्हणजे ती गोड वाइन.

माझ्यामागे एक काका उभे होते. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. सहकारी बँकेतून निवृत्त, हे त्यांनी न विचारता सांगितलं होतं.

"पोर्ट घेऊ नका, वहिनी," ते म्हणाले. मला बरं वाटलं, रांगेत एक तरी जाणकार निघाला. "पोर्टने केक चिकट होतो."

"काका, मला केक करायचा नाहीये."

"मग साहेबांच्या हार्टसाठी?"

"साहेबांचं हार्ट ठणठणीत आहे. मला प्यायचीये."

रांग जरा गप्प झाली. काका मात्र हे वाक्य कर्जाच्या अर्जासारखं तपासायला बसले. "पर्सेंट किती असतं हो त्यात?"

"साडेबारा."

त्यांनी पिशवीतून विजेचं बिल काढलं आणि त्याच्या पाठीवर आकडे मांडले. "बाटली ७५० मिली. म्हणजे शुद्ध माल ९४. किंमत ७०० धरा. मिलीला साडेसात रुपये पडले. आता रम घ्या. चपटी १८० मिली, ४२.८ टक्के, माल ७७, किंमत २२५. मिलीला तीन रुपयेसुद्धा नाहीत! अडीचपट तोट्यात आहात तुम्ही." मागून कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. "शिवाय वाइन उघडली की दोन-तीन दिवसांत संपवा. रमला ती कटकट नाही. गणपतीत उघडलेली दत्तजयंतीला तशीच असते."

त्यांच्या घरी ती दत्तजयंती बघत असेल यावर माझा विश्वास नाही.

मग त्यांनी माझं परमिट विचारलं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ते लागतं, हे त्यांनी रांगेला ऐकवलं. स्वतःचं आजन्म परमिट काढून दाखवलं. लॅमिनेट केलेलं, पाकिटात गजानन महाराजांच्या फोटोशेजारी. "आणि वाइनला वयाची अट फक्त २१, रमला २५. म्हणजे सरकारसुद्धा वाइनला बालवाडीच समजतं."

या गृहस्थांना त्या वायनरीत न्यायला हवं. मालकाच्या आईने आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण टाकीजवळून जाताना वासावरून कुठे काय चाललंय ते ओळखतात. द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात ऐन थंडीत वेली झोपलेल्या असतात, तेव्हा आमच्याकडे घड उतरवायची धांदल. आम्ही त्याच गडबडीत पोचलो होतो, तरी मालकाने स्वतः टाकीची तोटी सोडून चव दाखवली. वाइनची द्राक्षं खायला मात्र जाऊ नये: बारीक, जाड सालीची, आत बियाच बिया. बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांवर वाढलेल्या माझ्या मुलाने तिथल्या तिथे थुंकली. सहा वाइन चाखल्यावर आजींनी आम्हाला चहा दिला. म्हणाल्या, "आता जरा काहीतरी प्या."

त्या मालकाला मी विचारलं होतं, मुंबईत का नाही पाठवत? तो नुसता हसला. वितरक म्हणे दोन-चार पेट्यांसाठी गाडी फिरवत नाही, आणि दुकानातली फळी मोठ्या कंपन्यांनी आधीच भरलेली असते. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क काढला. जानेवारी २०२२ मध्ये तर मोठ्या किराणा दुकानात वाइनला एक कपाट द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. त्यावर असा गदारोळ झाला की ते कपाट काही उघडलं नाही. गदारोळ करणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी या जाळीसमोर उभं राहून, खांद्यावर परक्या माणसाचा श्वास घेत, बाईमाणसाने बाटली मागून बघितलीय? लासलगावचा कांदा वाशीला येतो, निफाडची द्राक्षं येतात. तोच रस जरा आंबला की त्याला कसारा घाट उतरता येत नाही. आणि ज्या मोजक्या बाटल्या या दुकानात होत्या, त्या पार वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून, मे महिन्यात, धूळ खात उभ्या. त्या घेऊन खरंच केकच करावा.

हे मी बहुधा थोडं मोठ्याने म्हणाले.

"बघा!" काका रांगेकडे वळून म्हणाले. "शेवटी केकच." आणि मग जाळीतून आत, "अरे भाऊ, वहिनींना पोर्ट नको. रमची चपटी दे. केकला रमच लागते, मनुका चांगल्या फुगतात."

मागून "अहो, लवकर आटपा" सुरू झालं. पोऱ्याने चपटी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी २२५ रुपये मोजले.

"मनुका आदल्या रात्री भिजत घाला," काकांनी सांगितलं, आणि स्वतःसाठी बिअर मागितली.