जाहिरात आणि ओढ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हॅरी पॉटरवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : 'अशा मालिका जाहिरातीवर खपतात, सीमाभागातल्या मास्तरांनी त्यात बालमन शोधत बसू नये.' माझी एक चूक आधी मान्य करतो. पहिले पुस्तक १९९८चे असे मी लिहिले होते. ती अमेरिकी आवृत्ती. मूळ पुस्तक २६ जून १९९७ रोजी लंडनमध्ये निघाले. दुरुस्तीबद्दल आभार.

परंतु माणसाचा गाव काढून त्याचे म्हणणे खोडायचे, ही कोणती रीत? खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी सव्वीस वर्षे शिकवले आहे. पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नसे आणि पुस्तकांचे दुकान गाठायचे तर बेळगावची बस धरावी लागे. मराठी अनुवादाची एक प्रत मी तिथून आणली. सातवीतली एक मुलगी ती व्हरांड्यात मोठ्याने वाची आणि भोवतीची मुले, पुढे काय होणार यावर भांडत घरी जात. दुसरा भाग कधी आणणार, हे त्यांनी मला सहा महिने विचारले.

मालिका रुजते ती या विचारण्यात. नायक अकराव्या वर्षी शाळेत येतो आणि पुस्तकागणिक वर्षाने मोठा होतो. सातवे पुस्तक २००७मध्ये आले, तोवर पहिल्या पुस्तकाचा अकरा वर्षांचा वाचक एकवीस वर्षांचा झाला होता. शिवाय शाळा जादूची असली तरी तिथे गृहपाठ आहे, परीक्षा आहे, मुलावर डूख धरणारा शिक्षक आहे. परक्या मुलखात माझ्या मुलांना आपलाच वर्ग दिसला.

पहिल्या पुस्तकाची पहिली सजिल्द आवृत्ती अवघ्या ५०० प्रतींची होती. एवढ्या प्रतींसाठी कोणी जाहिरातीचा धडाका लावत नाही. गाजावाजा झाला तो मुले पुस्तकाकडे वळल्यानंतर.

निवासी शाळांच्या इंग्रजी कथांची परंपरा, अनुवादाची भाषा, या आपल्या इतर मुद्द्यांत मी शिरत नाही.

मी स्वतः 'चांदोबा'वर वाढलो. शेजारच्या घरी त्याच मासिकाचा कन्नड अंक येई, तोही बहुधा आमच्या अंकाआधी. वेताळ पुन्हा झाडावर गेला हे ठाऊक असूनही मला धीर धरवत नसे. मी त्यांच्या अंकातली चित्रे पाहायचो आणि मित्राकडून विक्रमाचे उत्तर मराठीत वदवून घ्यायचो. ती ओढ मला कोणत्या जाहिरातीने लावली, ते आपणच सांगावे.