तीस टक्के बदललं की चित्र आपलं?

मुंबईतल्या कलाविद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. म्हणे, कुठलंही चित्र घ्या, ३० टक्के बदला, मग ती कॉपी राहत नाही. खाली ‘अमुकांना मानवंदना’ लिहा, कुणी बोट ठेवणार नाही. चित्रकार हयात नसेल तर प्रश्नच मिटला. आणि शेवटी ठेवणीतलं अस्त्र: थोरामोठ्यांनीही हेच केलं.

आधी टक्के. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा आकडा कुठेही नाही. मूळ कृतीतला महत्त्वाचा भाग उचललाय का, एवढंच तो बघतो. १९७८ मध्ये एका नाटकाच्या आणि सिनेमाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने दिलेली कसोटीही साधी आहे: दोन्ही पाहिलेल्या माणसाला दुसरी कृती पहिलीची नक्कल असल्याचं स्वच्छ जाणवतं का? कल्पनेवर, विषयावर मालकी नसते, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा बिंदू कुणीही काढावा. पण ‘बिंदू’च्या चित्रांसाठी गाजलेले चित्रकार सय्यद हैदर रझा, त्यांचा तो काळा गोल, त्याभोवतीची वर्तुळं, खालचे त्रिकोण, सगळं जिथल्या तिथे ठेवून लालच्या जागी केशरी भरला, तर टक्के मोजणार कशाने, फूटपट्टीने? सोफ्याच्या दुकानांत असे कॅनव्हास सर्रास टांगलेले असतात. जवळ जाऊन बघा: काळा सपाट फासलेला, कडा चिकटपट्टी लावून ओढलेल्या. अशा ठिकाणी काय बदललं यापेक्षा काय तसंच ठेवलं, ते बघायचं.

मानवंदनेच्या ओळीवर फार बोलायला नको. श्रेय देणं ही सभ्यता झाली, परवानगी नव्हे. शिवाय ती ओळ इन्स्टाग्रामवर असते आणि विकायच्या प्रिंटवर नेमकी नसते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

चित्रकार गेला म्हणून हक्क लगेच जात नाही. आपल्याकडे तो मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं खुशाल छापा. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे गेले २००१ मध्ये, म्हणजे २०६१ संपेपर्यंत थांबा. रझा २०१६ मध्ये गेले, तिथे २०७६. (रझांनी तर जिवंतपणीच हे भोगलं. २००९ मध्ये दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, आणि भिंतीवर त्यांच्या नावाने खपवलेली बनावट चित्रं.)

राहिले थोर. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेचा पावसातला पूल, लाकडी ठशाने छापलेलं चित्र, तैलरंगात उतरवला, हे खरं. पण ठशातली बारीक रेघ त्याच्याकडे जाड रंगाचा फटकारा झाली, आणि चौकटीवर त्याने जपानी अक्षरं रंगवली. कुठून घेतलं ते त्याला लपवायचं नव्हतंच. पिकासोने १९५७ मध्ये सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझ याच्या एका चित्रावरून ५८ चित्रांची मालिका केली. मूळ चित्र डोळ्यांसमोर नसेल तर तिची अर्धी मजा जाते. दुकानातल्या कॅनव्हासचं उलट आहे. गिऱ्हाइकाला मूळ चित्र आठवलं तर विकणाऱ्याची पंचाईत.

आणि नक्कल ही काही शिवी नाही. आपल्या जे.जे. कलाशाळेचे विद्यार्थी तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून अनेक वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलाच करत होते. लंडनला पाठवलेल्या त्यातल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या, तेव्हा हळहळ झाली ती नकलांसाठीच. त्या नकला म्हणूनच केल्या होत्या, नकला म्हणूनच ओळखल्या जात होत्या.

थोरांचा दाखला देणाऱ्यांनी अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचंही बघावं. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथने काढलेला गायक प्रिन्सचा फोटो त्याने कापला, सपाट केला, त्यावर भडक रंग चढवले. तरी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्याच्या नावाची संस्था ७ विरुद्ध २ अशी हरली. कारण ते चित्र मासिकाला ज्या कामासाठी पैसे घेऊन दिलं, त्याच कामासाठी फोटोही दिला जातो: प्रिन्सवरच्या मजकुरासोबत त्याचा चेहरा. हा निकाल आपल्याकडे लागू नाही, पण कॉफीच्या मगवर आणि टी-शर्टवर दुसऱ्याचं चित्र छापून विकणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.