पायाची अतिशयोक्ती

आमच्या सोसायटीच्या गेटवर परवापासून एक नवी पाटी झळकते आहे. ‘इलेक्ट्रिक वाहनधारकांनी आपली घाई घरी ठेवून यावे. कुंड्या सोसायटीच्या आहेत.’ सोसायटीत इलेक्ट्रिक वाहनधारक दोनच. एक मी आणि दुसरे सेक्रेटरी, म्हणजे पाटी लिहिणारे. तेव्हा ‘धारकांनी’ हे अनेकवचन आदरार्थी आहे अशी मी समजूत करून घेतली आहे.

आणि कुंड्या कसल्या? कुंडी. एक. वाळलेल्या शेवंतीची.

झालं असं, की मेव्हण्याच्या ओळखीतल्या एकाने माझ्या गाडीला झटकन वेग घेण्यासाठी म्हणून एक मॉड्यूल बसवून दिलं. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी, चौदा हजार रुपये, वीस मिनिटांचं काम. “फरक लगेच जाणवतो,” तो म्हणाला होता. चौथ्या दिवशी रिव्हर्स घेताना मी नेहमीसारखा नुसता पाय टेकवला आणि गाडीला वाटलं, खंबाटकी चढायची आहे. फरक जाणवला. लगेच.

खापऱ्या गोळा करत होतो तेवढ्यात नाना आले. नाना वीज मंडळातून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण चौकशी समिती अजून त्यांच्या अंगातून गेलेली नाही.

“नक्की करतो काय रे हा डबा?”

मी उत्साहाने सांगायला बसलो, हीच चूक. म्हटलं, नाना, हल्ली ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलखाली सेन्सर असतो, तो किती दाबलं ते व्होल्टेजमध्ये गाडीच्या कंप्युटरला कळवतो. ही डबी त्या दोघांच्या मध्ये बसते. मी तीस टक्के दाबलं, की ही पुढे साठ सांगते.

“म्हणजे खोटं बोलते.”

“खोटं नाही हो, वाढवून सांगते.”

“आमच्याकडे होता एक रीडिंग वाढवून लिहिणारा. सस्पेंड केला.” नानांनी चष्मा पुसला. “बरं, मोटरची ताकद वाढते?”

“नाही.”

“बॅटरीची?”

“नाही. उलट पाय सैल सुटतो, त्यामुळे चार्ज जरा लवकर उतरतो.”

“आणि तू पूर्ण शंभर टक्के दाबलंस, तर डबा किती सांगतो?”

“शंभरच.”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी मायेने म्हणाले, “अरे, मग पाय थोडा जास्त दाबायचास ना. फुकट होतं ते.”

एवढ्यावर थांबते तर ते नाना कसले? दूधवाल्याला थांबवलं. “हे बघ, यांनी चौदा हजार देऊन पायाचे कष्ट वाचवलेत.” पोळीवाल्या मावशींना सांगितलं. त्यांनी हिशोब केला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पुढच्या महिन्यात त्या पगारवाढ मागणार हे नक्की. शेवटी वॉचमन आला. त्याला अर्धवटच ऐकू गेलं असावं. हळू आवाजात म्हणाला, “साहेब, पायाला कधी लागलं?”

आता मी काही अगदीच अडाणी नाही. खरी ताकद वाढवणाऱ्या डब्याही जगात आहेत. टेस्लाने २०१९च्या अखेरीस मॉडेल थ्रीच्या एका प्रकारासाठी दोन हजार डॉलरला नुसतं सॉफ्टवेअर विकायला काढलं. शून्यावरून ताशी साठ मैलांचा वेग गाठण्याचा वेळ ४.४ सेकंदांवरून ३.९ वर. म्हणजे ताकद गाडीत आधीपासून होतीच, फक्त कुलपात. एका कॅनेडियन कंपनीने तेच काम अकराशे डॉलरच्या डबीत करून दिलं. मग टेस्लाच्या अपडेटने ती डबी हुडकली आणि लोकांच्या स्क्रीनवर इशारे झळकले. घर आपलं, माडीची किल्ली बिल्डरकडे, आणि बाहेरून किल्लीवाला आणलात तर बिल्डर दारावर नोटीस लावणार. याचा मला खरोखर संताप येतो. पण तिथे निदान कुलपाआड काहीतरी होतं. माझ्या कुलपाआड माझाच पाय निघाला.

शिवाय हा अर्धा सेकंद मी वाचवून ठेवणार कुठे? घरापासून नळ स्टॉपपर्यंत मला शून्य ते शंभर कधी करताच आलेलं नाही. आमचा प्रवास शून्य ते शून्य. मधे गतिरोधक, आणि गतिरोधकावर उभं राहून फोनवर बोलणारा एक माणूस. बरं, स्पोर्ट मोड गाडीत पहिल्यापासून होता. तो जवळजवळ हेच करतो, हे मला चौदा हजार गेल्यावर मॅन्युअल वाचून कळलं.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने डबी पाहिली आणि जीभ चावली. “सर, वॉरंटीवाल्यांना हे दिसलं तर...” त्याने वाक्य सोडून दिलं, ते घरी बायकोने पूर्ण केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हेही तिनेच वाचून दाखवलं. कैद म्हणताना आवाजात जरा आशा होती. बसवणारा फोन उचलत नाही. मात्र ‘पाच स्टार द्या’ असा त्याचा मेसेज रोज सकाळी येतो.

काल रात्री मी ती डबी काढली. कनेक्टर मूळ जागी लावला, डबी खोक्यात घातली. उठतो तर मागे सेक्रेटरी. इकडेतिकडे बघत, पार्किंगच्या खांबाआडून.

“काढलीत का? मग कितीला देणार?”

“सात हजार.”

“पण फरक जाणवतो का?”

मी गेटवरच्या पाटीकडे पाहिलं.

“लगेच,” म्हटलं.