दुखत नाही म्हणजे डोळा वाचला, असं नाही

हत्यारं हातात घेऊन काम करणाऱ्या आणि सुट्टी मिळाली की बोट पाण्यात घालणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, पोस्ट लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

डोळ्याला काही लागलं की आपण पहिलं काय विचारतो? "दुखतंय का?" नाही म्हटलं की विषय संपला. पाणी मारा, लागा कामाला. डोळ्याच्या बाबतीत हा प्रश्नच फसवा आहे. खूप ठणकणाऱ्या काही इजा दोन दिवसांत बऱ्या होतात, आणि नजर घेऊन जाणाऱ्या काही जवळजवळ दुखतच नाहीत.

वेल्डिंगचं घ्या. "नुसता एक टाका मारायचाय" म्हणून काच न लावता आर्क पेटवला, तर त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुतेक वेळा रात्री झोपेत, डोळ्यात मूठभर वाळू ओतल्यासारखं होतं. पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ थर भाजलेला असतो. माणूस घाबरून डॉक्टरकडे जातो आणि साधारण एक-दोन दिवसांत तो थर पुन्हा येतो. (डोळा बधिर करणारे ड्रॉप मात्र स्वतःच्या मनाने पुन्हापुन्हा टाकू नका. ठणका थांबतो, पण जखम भरणं लांबतं.)

आता छिन्नीचं बघा. हातोडा खाऊन खाऊन तिचं डोकं पसरतं, कडा बाहेर वळतात, त्यांना बारीक चिरा जातात. आमच्या एका सहकाऱ्याने अशाच छिन्नीने गंजलेला बोल्ट तोडायला घेतला. घाव घालता घालता एकदम डोळा मिटला. उघडून बघितलं तर पांढऱ्या भागावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. दुखत नव्हतं. नीट दिसतही होतं. तो पुन्हा हातोडा उचलत होता, शेजारच्याने हट्टाने दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅनमध्ये पोलादाचा कण डोळ्याच्या आत दिसला. असा कण इतका बारीक आणि वेगवान असतो की कधीकधी आत शिरल्यावर त्याची वाटसुद्धा बुजून जाते. मग आत राहिलेलं लोखंड हळूहळू विरघळतं आणि दृष्टिपटल खराब करत जातं. म्हणून डॉक्टरांना फक्त "डोळ्यात कचरा गेलाय" असं सांगू नका. "धातूवर धातू आपटत होतो" हे आवर्जून सांगा, कारण असा कण आत असेल तर एमआरआय करणं धोक्याचं. मशीनचं चुंबक तो कण जागचा हलवू शकतं.

आणि जवळ उभं राहून बघणाऱ्यांचं काय? अंधांची ब्रेल लिपी बनवणारे लुई ब्रेल (जन्म 1809) तीन वर्षांचे असताना वडिलांच्या खोगीर बनवायच्या कारखान्यात खेळत होते. चामड्याला भोक पाडायची आरी एका डोळ्यात घुसली. पुढे दुसराही डोळा गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत ते पूर्ण अंध झाले. एका डोळ्याच्या खोल जखमेनंतर शरीराची प्रतिकारशक्ती धडधाकट डोळ्यावर उलटते, असं आजही क्वचित घडतं. तेव्हा मूल जवळ येत असेल तर त्यालाही गॉगल द्या, नाहीतर लांब पाठवा. मला याबाबतीत कुणाची भीडभाड वाटत नाही.

रसायनांत आपण ॲसिडला घाबरतो आणि चुना, सिमेंट, नळी साफ करायची पावडर बिनधास्त हाताळतो. हे उलटं आहे. ॲसिड बऱ्याचदा वरचा थर साकळून तिथेच अडतं, अल्कली (म्हणजे चुना, सिमेंटसारखी क्षारधर्मी रसायनं) पेशी विरघळवत आत आत जाते. भाजणं फार खोल असेल तर नसाच मरतात, त्यामुळे दुखणं कमी होतं आणि डोळा लाल न दिसता पांढराफटक दिसतो. तो पांढरा डोळा बघून "काही झालं नाही" म्हणणं म्हणजे डोळा घालवणं. लगेच, आहात तिथेच, साध्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा, पापणी उलटून अडकलेले कण काढा आणि मगच दवाखान्याकडे निघा.

बोटीच्या डागडुजीत हे सगळं एकत्र येतं. फायबरच्या रेझिनमध्ये घालतात ते हार्डनर म्हणजे बहुतेक वेळा पेरॉक्साइड. त्याचा एक थेंबही बुबुळाची गंभीर हानी करू शकतो. तळ खरवडताना तर आपण बोटीखाली उताणे पडून वर बघतो, जुन्या रंगाचा चुरा सरळ तोंडावर पडतो. तिथे साधा सेफ्टी चष्मा पुरत नाही, कडेने आत येतंच. चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसणारा गॉगलच हवा.

आणि एकदा बोट पाण्यात गेली की आपण सुट्टीवर असतो, चष्म्याचा विचारच मनात येत नाही. गळ खडकात अडकला, काठी वाकवून हिसडा दिला, आणि सुटलेलं गळाचं शिशाचं वजन सरळ तोंडावर आलं. सामान बांधायच्या इलास्टिक दोरीचा हूक निसटला तरी तेच. गळ डोळ्यात रुतलाच तर ओढू नका, दाबू नका, धुऊ नका. वर कागदी कप उपडा धरून चिकटपट्टीने लावा आणि जखमी माणसाला काही खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.

उन्हाचं तर काहीच दुखत नाही, वर्षानुवर्षं. लाटांचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरण परत फेकतो. ते खालून येतात, टोपीची झालर त्यांना अडवत नाही. ढगाळ दिवसावरही विसंबू नका. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं मांस वाढून बुबुळावर सरकतं (डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात), मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. इथे बरेच जण पोलराइज्ड काच घेऊन निर्धास्त होतात. पोलराइज्ड काच पाण्यावरची चमक कापते, त्यामुळे खालचा खडक दिसतो आणि ती घ्यावीच. पण अतिनील किरणांसाठी यूव्ही 400 असं वेगळं लिहिलेलं बघा. नुसती काळी काच तर आणखी वाईट, तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. एक गोष्ट ध्यानात असू द्या, पोलराइज्ड चष्म्यातून जीपीएसचा स्क्रीन काही कोनांतून काळा दिसतो. मान तिरकी करून बघा, यंत्र बिघडलेलं नसतं.

कामाच्या चष्म्यावर झेड 87+ (Z87+), ईएन 166 (EN 166) किंवा आयएस 5983 (IS 5983) अशी सुरक्षा मानकाची (अनुक्रमे अमेरिकी, युरोपीय, भारतीय) खूण शोधा. नंबरचा रोजचा चष्मा म्हणजे सेफ्टी चष्मा नव्हे.

लोक चष्मा का काढतात हे मला माहीत आहे. वाफ धरते, चरे पडतात, दिसेनासं होतं. चरे पडलेला चष्मा सरळ फेकून द्या, नवा आणा. वाफेसाठी मी झडपांचा गॉगल वापरतो, पण दमट हवेत तोही कमी पडतो. कुणाकडे याहून चांगला उपाय असेल तर खाली लिहा, मला खरोखर हवा आहे.