खुलासा: ग्राइमथॉर्पचा बँड बंद पडलेला नाही

‘ग्राइमथॉर्पची कोळसा खाण बंद झाली, त्याच वर्षी खाणकामगारांचा ब्रास बँडही संपला, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये जिंकलेला करंडक बँडमास्तरने नाकारला,’ असा संदेश फिरतोय. (ग्राइमथॉर्प हे इंग्लंडमधलं खाणकामगारांचं गाव; ब्रास बँड म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा ताफा.)

खाण १९९३ मध्ये बंद झाली, हे खरं. करंडक नाकारण्याचा प्रसंग मात्र ‘ब्रास्ड ऑफ’ या १९९६ च्या चित्रपटातला. त्यातलं गाव ‘ग्रिमली’, माणसंही काल्पनिक. पण पडद्यामागचं वादन याच ग्राइमथॉर्प कॉलियरी (म्हणजे कोळसा खाण) बँडचं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९९२ मध्ये खाणी बंद करण्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात बँडने ब्रिटनची राष्ट्रीय ब्रास बँड स्पर्धा जिंकली. विजेत्यांच्या यादीत ती नोंद आहे. (मला विचाराल तर हा योगायोग चित्रपटापेक्षा जास्त चटका लावतो.)

१९१७ साली सुरू झालेला हा बँड खाणीनंतरही वाजत राहिला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात तो जगाने ऐकला.

संदेशासोबतच्या फोटोत सॅक्सोफोन दिसतात. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये सॅक्सोफोन नसतो, ट्रम्पेटही नसतो. तिथे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, पण आखूड वाद्य) असतात. म्हणजे फोटोही दुसऱ्याच कुणाचा.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.