औषधाची पकड म्हणजे नुसतं प्लस-मायनस नाही

"विरुद्ध चार्ज ओढले जातात म्हणून औषध प्रोटीनला चिकटतं, चार्ज वाढवा की पकड वाढते" अशी पोस्ट सगळीकडे फिरतेय आणि बारावीची मुलं ती खरी धरून चाललीयेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

१. "विरुद्ध चार्ज ओढले जातात." बरोबर, पण हे सगळं पाण्यात चाललंय ते पोस्टमध्ये कुठेच नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८० च्या आसपास, म्हणजे निर्वात पोकळीतली ओढ भर पाण्यात ऐंशीव्या हिश्शावर येते. वर चार्जभोवती पाण्याचे रेणू आधीच घट्ट बसलेले असतात, प्रोटीनच्या खाचेत शिरायचं तर ते सोडावे लागतात, त्याला एनर्जी जाते, आणि शेवटी हातात उरतो तो फक्त फरक, जो कधीकधी तोट्यातही जातो.

२. "चार्ज वाढवा, पकड वाढते." फ्लूची औषधं बघा ना. झानामिवीरमध्ये एका हायड्रॉक्सिलच्या जागी प्लस चार्जचा ग्वानिडीन गट बसवला आणि न्यूरामिनिडेझ या फ्लू विषाणूच्या प्रोटीनवरची पकड हजारो पटींनी वाढली, कारण तिथे समोरच प्रोटीनच्या साखळीतले मायनसवाले अमिनो आम्ल, ग्लुटामेट, होते. पण असं चार्जवालं औषध पोटातून जेमतेम शोषलं जातं, म्हणून ते श्वासातून ओढावं लागतं.

आता ओसेल्टामिवीर, म्हणजे २००९ च्या स्वाइन फ्लूत पुण्यात घरोघरी माहीत झालेलं टॅमिफ्लू. यात पाण्याशी जमणारी ग्लिसरॉलची साखळी काढून चक्क तेलकट, बिनचार्जची साखळी लावलीय! तिला जागा द्यायला प्रोटीनच्या साखळीतला २७६ नंबरचा ग्लुटामेट वळून बाजूला होतो. विषाणूत बदल होऊन २७४ व्या जागी हिस्टिडीन या अमिनो आम्लाचं टायरोसिन झालं की हे वळणंच अडतं, आणि औषधाचा मायनस कार्बॉक्झिल व समोरच्या तीन प्लस आर्जिनिन जागच्या जागी असूनही पकड शेकडो पटींनी ढिली पडते. झानामिवीर मात्र तिथे चालतं. नुसता चार्जच सगळं ठरवत असता तर हे झालंच नसतं.

३. कमेंटमध्ये काहीजण दुसऱ्या टोकाला गेलेत, "मग चार्जचा उपयोगच नाही." तेही चूक. बार्नेझ आणि बारस्टार ही प्रोटीनची जोडी घ्या, एक प्लस, एक मायनस. पाण्यात मीठ वाढवलं की दोघं एकमेकांपर्यंत पोचण्याचा वेग खूप पडतो, पण एकदा जुळल्यावर सुटण्याचा वेग फारसा बदलत नाही, म्हणजे लांबून ओढून आणायचं काम इथे चार्ज करतो, आणि ते मोठं काम आहे.