मला फक्त गुरुवार हवाय

परवा रात्री साडेअकराला चिरेखाणीवरचा एक कामगार आला. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ दोन टोचे, सूज घोट्याच्या वर चढलेली, हिरड्यांतून रक्त झिरपतंय. सोबतच्या मुकादमाने प्लास्टिकच्या बाटलीत मेलेलं फुरसं आणलं होतं. (मंडळी, साप मारून आणत बसू नका. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. आम्हाला लक्षणांवरून कळतं.)

सिस्टरांनी दोन मिली रक्त काढून काचेच्या कोऱ्या ट्यूबमध्ये घातलं आणि मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावला. ही ट्यूब काचेचीच लागते. प्लास्टिकची चालत नाही आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही, कारण तिच्यात धडधाकट माणसाचं रक्तसुद्धा नीट गोठत नाही. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदाच हळूच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे विष अंगात पसरलंय. सर्पविषाच्या लसीच्या दहा व्हायल (छोट्या बाटल्या) लावल्या. सहा तासांनी, बाहेर उजाडत असताना, दुसरी ट्यूब. या वेळी तळाशी काळपट लाल गोळा घट्ट बसला होता.

ट्यूब उजेडाकडे धरून सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, त्या काजूवाल्या आजी आल्या तेव्हा आपल्याकडे पाचच व्हायल शिल्लक होत्या. त्यांचंही सहा तासांत गोठलं होतं. मग दहा लागतातच का?"

रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात मी गेली अकरा वर्षं बारा खाटांचं हॉस्पिटल चालवते. सिस्टरांनी विचारलं ते मीही स्वतःला शंभरदा विचारलंय. उत्तर मला माहीत नाही. आणि ते शोधायला जो वेळ लागतो त्याचे पैसे मला या देशात कोणीही द्यायला तयार नाही, हे मला आता नीट कळलंय. ही पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्रश्न किती खरा आहे ते सांगते. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून चालते. एक मिली लस फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते, असं प्रमाण ठरलेलं आहे. पण लस बनवायला लागणारं विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. इथल्या कातळावरचं फुरसं आणि तिकडचं फुरसं यांच्या विषात फरक असू शकतो. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे आता पक्कं माहीत आहे. त्यामुळे इथल्या माणसाला किती व्हायल पुरतील हे इथेच मोजायला हवं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायची योजनाही जाहीर केली. कोकणात भातलावणीला, नंतर गवतकापणीला आणि आंब्याकाजूच्या बागेत पाचोळा गोळा करताना फुरसं चावतं ते काही मुंबई-पुण्यातल्या संशोधकांना नाही चावत. ती माणसं माझ्याकडे येतात, मला ती दिसतात. आणि नेमकं मलाच विचारता येत नाही.

कोणी म्हणेल, द्या ना पाच-पाच आणि बघा. नाही हो. माणसावर असं 'बघून' चालत नाही. किती पेशंट घेतले म्हणजे उत्तरावर विश्वास ठेवता येईल, हे आधी गणिताने ठरवावं लागतं. माणसांवरचं संशोधन योग्य आहे का ते तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते. अशा कमिटीत किमान सात माणसं हवीत, त्यात कायदा जाणणारा एक, सामान्य नागरिक एक, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा. आमच्या तालुक्यात सात डॉक्टर एका लग्नाला एकत्र आणून दाखवा. औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे, तिच्यात नाव घालायला पैसे पडत नाहीत, हे मात्र खरोखर चांगलं आहे. माझी सुरुवात तर त्याहून साधी आहे. कोणाचाही डोस न बदलता, जे देतो त्याचीच काटेकोर नोंद ठेवायची. तशा तीन वह्या माझ्याकडे भरल्यात. लाल पुठ्ठ्याच्या, लांब. चावला कधी, आला कधी, पहिली व्हायल कधी, ट्यूब कधी गोठली. काही पानांवर सलाइन सांडलंय, काही ठिकाणी रात्रपाळीच्या डुलकीत अक्षर घसरत गेलंय.

कोकणात हा विषय निघाला की कोणीतरी हमखास महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव काढतो. काढायलाच हवं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी विंचूदंशाचे पेशंट पाहिले, १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. दंश झालेला माणूस मरणार असं लोक धरून चालायचे ते चित्र पालटलं. २०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनीताईंनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चाचणी छापली. ७० पेशंट. विंचूविषाची लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे, नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८. महाडसारख्या गावात केलेली चाचणी! २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण या नावाचा वापर आमच्यासारख्यांचं तोंड बंद करायला होतो, तो मला खुपतो. "त्यांनी केलं की नाही? तुम्हाला कशाला अनुदान लागतं?" अहो, एक माणूस पोहत समुद्र पार करून गेला म्हणून लाँच बंद करतात का? गडचिरोलीच्या बंग दांपत्याचंही तेच. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्याने तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं आणि पुढे त्याचं राष्ट्रीय धोरण झालं. पण त्यासाठी त्यांना आधी 'सर्च' ही अख्खी संस्था उभी करावी लागली. प्रत्येक प्रश्नामागे एक संस्था उभी करायची म्हटलं तर माझं एक आयुष्य पुरणार नाही, आणि हॉस्पिटलचं कर्ज अजून फिटायचंय.

आता पैसे कुठे आहेत ते बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, छोटं अनुदान २ कोटींपर्यंत असतं, तीन वर्षांसाठी. 'छोटं'! मधलं ८ कोटींपर्यंत जातं. अर्ज करायचा तर तुम्ही मेडिकल कॉलेज, विद्यापीठ, सरकारी संस्था यांत नोकरीला हवेत. बिनसरकारी संस्था असेल तर तिला केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता हवी. बारा खाटांचं हॉस्पिटल यात कुठेच बसत नाही. बसलं तरी गंमत बघा. त्या पैशातून प्रकल्पातल्या फील्ड वर्करला पगार देता येतो, फ्रीजर घेता येतो, प्रवासखर्च निघतो, पण मुख्य संशोधकाच्या वेळेला पैसे नाहीत. कारण त्याला पगार मिळतोच आहे असं धरलेलं असतं. प्राध्यापकाला मिळतो. मी ओपीडी बंद ठेवून वह्या घेऊन बसले तर त्या दिवशीची कमाई शून्य, आणि लाइट बिल तेवढंच.

जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात त्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपा मात्र डॉक्टरांचा वेळ ओळखतात. पाच वर्षं, पगारासकट. उत्तम योजना आहे, ती मिळालेली माणसं फार चांगलं काम करतात. पण यजमान संस्था तिथेही लागतेच. डहाणूला उपजिल्हा रुग्णालयात ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र काढलंय, म्हणजे शास्त्रज्ञ गावाकडे आले. चांगलंच झालं. गावात आधीपासून बसलेल्याच्या डोक्यातल्या प्रश्नाला पैसे मिळणं ही मात्र निराळी गोष्ट.

मी एका ठिकाणी अर्ज केला होता. कुठे ते सांगत नाही, तिथल्या माणसांचा दोष नव्हता. पोर्टलवर हुद्द्याचा रकाना होता: प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक, शास्त्रज्ञ, इतर. मी 'इतर' निवडलं. पुढे 'संस्थाप्रमुखांची सही व शिक्का'. संस्थाप्रमुख मीच! मग मी, डॉक्टर म्हणून, स्वतःला, संचालक म्हणून, संशोधनाची परवानगी दिली, सही केली, हॉस्पिटलचा गोल शिक्का मारला. शिक्क्याची शाई जरा फिकी झाली म्हणून परत मारला. पाच महिन्यांनी दोन ओळींचा ईमेल आला, अर्ज प्राथमिक छाननीत अपात्र. प्रश्न चांगला की वाईट, तिथपर्यंत कोणी पोचलंच नाही.

मग ओळखीतल्या एका प्राध्यापकांना म्हटलं, सर, तुमच्या कॉलेजतर्फे करूया. ते तयार होते. मुख्य संशोधक ते, सहसंशोधक मी, पेशंट माझे, वह्या माझ्या, आणि पहिलं नाव त्यांचं. मी नाही म्हटलं. अहंकार म्हणा हवं तर.

बाहेर काय चालतं ते थोडं वाचलंय. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या फेलोशिपमध्ये काम करणाऱ्या माणसाचा पगार भरून त्याला संशोधनासाठी वेळ मोकळा करून देतात, आणि फक्त डॉक्टरांना नाही. नर्स, सुईण, फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांना. अमेरिकेत 'के-२३' नावाचं अनुदान आहे. ते घेणाऱ्याने आपला ७५ टक्के वेळ संशोधनालाच द्यायचा, ही अटच आहे. तिथेही संस्थेची छत्री लागते, सगळं गोड नाही. पण पैसे देणाऱ्याला एवढं कळलंय की रोज पेशंट बघणाऱ्याकडे प्रश्न पुष्कळ असतात, तुटवडा असतो तो वेळेचा.

आपल्याकडे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरच्या वेळेला किंमत देणारं एक गिऱ्हाईक आहे बरं का. औषध कंपनी. कंपनीचा प्रतिनिधी, एमआर, येतो, बॅगेतून फॉर्मचा गठ्ठा काढतो, "मॅडम, आपल्या ब्रँडचा सर्व्हे आहे, वीस पेशंट भरा, प्रत्येक फॉर्ममागे मानधन." त्यालाही संशोधन म्हणतात. मार्च २०२४ च्या औषधविक्रीच्या आचारसंहितेने याला चाप लावायचा प्रयत्न केलाय, पण खरा इलाज दुसऱ्या कोणीतरी त्या वेळेची प्रामाणिक किंमत देण्यात आहे. फुरशाच्या विषात कमी व्हायल पुरतात का, हे शोधायला कुठली कंपनी मानधन देईल? उत्तर 'हो' आलं तर खप निम्मा.

माझा हिशेब सांगते, तुम्हीच बघा जास्त आहे का. आठवड्यातला एक दिवस, गुरुवार. मंगळवारी आमचा आठवडा बाजार, त्या दिवशी ओपीडी दाराबाहेर जाते. गुरुवारी अर्ध्या गावाचा उपास, लोक मठात जातात, पेशंट जरा कमी. त्या दिवशी माझ्या जागी बसायला एक एमबीबीएस डॉक्टर, आमच्याकडच्या दराने दिवसाला चार हजार. वर्षाचे ५२ गुरुवार, २ लाख ८ हजार. सिस्टरांना नोंदींसाठी महिन्याला सहा हजार जास्तीचे, ते ७२ हजार. बाकी आकडेशास्त्राचा सल्ला, एथिक्स कमिटीची फी, ट्यूब, कागद, जाणंयेणं. सगळं मिळून वर्षाला ४ लाखांत बसतं. तीन वर्षांचे १२ लाख. एका 'छोट्या' अनुदानात माझ्यासारख्या सोळा जणांचे गुरुवार येतात. त्यातल्या दहांचं काही निघणार नाही, मान्य. कॉलेजांतल्या सगळ्या प्रकल्पांचं निघतं का?

"खाजगीवाल्यांना सरकारी पैसा दिला की खातील." खातील काही. म्हणून तर मी म्हणते पैसे माझ्या खात्यात नका देऊ. जिल्ह्याच्या ठिकाणी एक एथिक्स कमिटी आणि एक आकडेशास्त्रज्ञ असू द्या, सगळ्या तालुक्यांना मिळून. माझ्या जागी बसणाऱ्या डॉक्टरचे पैसे तिथूनच परस्पर जाऊ देत. वही दर तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन तपासू दे. आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला माझ्याआधी द्या. माझी हरकत नाही, बावस्करही तिथूनच आले. फक्त तीन वर्षं त्याची बदली करू नका.

आणि सिस्टरांचं काय? मूळ प्रश्न त्यांनी विचारला. काजूवाल्या आजींची नोंद त्यांच्या अक्षरात आहे. पण जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतलेली, खाजगीत नोकरी करणारी बाई मुख्य संशोधक म्हणून अर्ज करू शकेल असा रकाना मला अजून कुठल्याच पोर्टलवर दिसलेला नाही. 'इतर'मध्येसुद्धा.

तोवर बसून राहणार नाहीये. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स रात्री जागून केलाय, शिकायला पैसे पडत नाहीत, कोणीही करा. नमुना किती घ्यायचा हे प्रकरण मला तीनदा ऐकावं लागलं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या ज्या डॉक्टरांकडे फुरशाचे पेशंट येतात, त्यांनी निदान या चार गोष्टींची वेळ लिहून ठेवायला लागा: दंश, पहिली ट्यूब, पहिली व्हायल, गोठलेली ट्यूब. पेशंटचं नाव नको. रकान्यांचा नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा, पाठवते.

येत्या गुरुवारी दुपारी दोननंतर ओपीडी बंद ठेवून पहिली वही एक्सेलमध्ये भरायला बसणार आहे, माझ्या खर्चाने. सिस्टरांना सांगितलं तर त्यांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. म्हणाल्या, "बसा मॅडम, अमावास्या आहे. फारसं कोणी यायचं नाही."